लसूण, तेल आणि दहा रुपयांची पुडी

पत्र : आम्ही खानापूर तालुक्यात सासऱ्यांच्या काळापासून भडंग, पातळ पोह्यांचा चिवडा आणि शेव करतो. रोजचा माल ८० किलोच्या आसपास. कच्चा माल किलोला १३० रुपये पडतो. मजुरी, जळण, वीज धरून आणखी ३०. खानापूर, नंदगड आणि बेळगावातल्या दुकानांना डब्यातून सुटा माल घालतो. कंपन्यांच्या पाच-दहा रुपयांच्या पुड्या आल्यापासून आमचा माल हलत नाही. वीस दिवसांत भडंगाला वास येतो, पावसाळ्यात ते सादळतं, दुकानदार माल परत करतात. एका मशीनवाल्याने १२ लाखांचं ऑटोमॅटिक पॅकिंग मशीन सुचवलंय, निम्मे पैसे सरकार देतं म्हणतो. कोल्हापूरचा एक वितरक माल घ्यायला तयार आहे, पण त्याला जीएसटीचं बिल पाहिजे. आम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहोत, छोट्या व्यावसायिकांसाठीच्या त्या योजनेत तसं बिल देता येत नाही. मशीन घ्यावं का?
— एक वाचक भगिनी

ताई, मशीन आत्ता घेऊ नका. वास आणि सादळणं बंद झाल्याशिवाय मशीन आलं, तर आज डब्यात खराब होणारा माल उद्या छापील पुडीत खराब होईल, आणि तेव्हा त्यावर तुमचं नाव असेल.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवर दहा रुपयांच्या पुडीचा हिशेब मांडू. बाकीचे आकडे साधारण व्यवहारात असतात तसे धरले आहेत, ते तुमच्या भागातल्या दराने बदलून बघा. दुकानदाराला पुडी ८.२० ला, वितरकाला ७.४० ला. त्यातून ५ टक्के जीएसटी काढला की तुमच्याकडे ७.०५. वितरक बारावर एक फुकट मागतोच, म्हणजे ६.५१. पुडीचं प्लॅस्टिक, म्हणजे फिल्म, ६५ पैसे, वरची गोणी किंवा खोका १५ पैसे, गाडीभाडं ३० पैसे, परत येणारा माल ३० पैसे. राहिले ५.११. आता ३० ग्रॅम भरले तर माल आणि मजुरीचे ४.८० जातात, तुम्हाला ३१ पैसे सुटतात. ३२ ग्रॅम भरले की शिल्लक शून्य. १२ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सुमारे २६,१०० रुपये. तुमचा रोजचा सगळा ८० किलो माल दहाच्या पुड्यांत भरला, २६ दिवस मशीन एकदाही न थांबता चाललं, तरी महिन्याला साडेएकवीस हजारांच्या आसपास सुटतात. हप्ता तेवढ्यातसुद्धा भागत नाही, मशीनवरच्या माणसाचा पगार तर बाजूलाच राहिला. राजकोट-इंदूरकडच्या मोठ्या कारखान्यांना हे परवडतं, कारण तेल त्यांच्याकडे टँकरने येतं आणि फिल्म टनावर घेतली जाते.

आता अर्ध्या किलोची पिशवी घ्या. छापील किंमत १४० धरू. दुकानदाराला १५ टक्के सोडून ११९ ला, तीही तुमच्याच गाडीतून. कर वजा जाता ११३.३३. पिशवी-लेबल ४.५०, गाडी ४, परतीचा माल ३.४०, कच्चा माल ६५, मजुरी-जळण १५. शिल्लक २१ रुपये ४३ पैसे. किलोमागे ४३ रुपये, आणि दहाच्या पुडीत किलोमागे १०. पाच रुपयांच्या पुडीचा हिशेब करायची गरजही नाही.

तर आधी माल. पत्रात वास आणि सादळणं एकाच वाक्यात आलंय, पण ही दोन दुखणी निराळी आहेत. वास तेलामुळे येतो, मऊपणा पाण्यामुळे. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. सादळलेला माल पुन्हा गरम करून कुरकुरीत होतो, खवट माल कशानेही सुधारत नाही. म्हणून परत आलेला वासाचा माल ताज्या घाण्यात थोडा थोडा मिसळून खपवण्याची जी पद्धत सगळीकडे आहे, ती आजपासून बंद. त्याने परतीचा माल कमी न होता वाढतो.

वीस दिवसांत भडंगाला वास, याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो : शेव तळून उरलेल्या तेलात भडंगाची फोडणी होते. शेवेच्या कढईत बेसनाचा चुरा जळतो, पिठातलं मीठ आणि सोडा उतरतो, ओल्या पिठातल्या पाण्याने तेल फुटतं. ते तेल भडंगावर पातळ थराने पसरलं की प्रत्येक चिरमुऱ्याभोवती त्याला हवा लागते. खवटपणाची सुरुवात तेलात आधीच झालेली असते, भडंग फक्त ती पुढे नेतं. नियम करा : फोडणीला दरवेळी कोरं तेल, तळणाला वेगळं. एका घाण्याला सव्वा ते दीड किलो कोरं तेल जड वाटेल, पण आठवड्याला परत येणाऱ्या मालाची किंमत शेजारी लिहून बघा.

तळणाच्या कढईतही क्रम ठेवा. सकाळी कोऱ्या तेलात पोहे आणि शेंगदाणे, मग साधी शेव, शेवटी तिखट शेव आणि डाळ. मिरची आणि हळद तेलात गेली की ते लवकर काळं पडतं. शेवेला तेल १७० ते १८० अंश पुरे. १९० च्या वर गेलं की शेव बाहेरून लाल, आत कच्ची, आणि तेलाचं आयुष्य निम्मं. पितळी झारा किंवा तांब्याचं भांडं तेलाजवळ नको. तांब्याचा अंशसुद्धा खवटपणाला घाई करतो. स्टीलचा झारा घ्या. थर्मामीटर भिंतीवर टांगलेला नको, रोज कढईत बुडालेला पाहिजे. रात्री तेल कोमट झालं की दुहेरी कापडातून गाळायचं आणि स्टीलच्या डब्यात काठोकाठ भरून झाकायचं. अर्धा रिकामा डबा म्हणजे अर्धा डबा हवा.

तेल कधी टाकायचं, हे रंगावर ठरवू नका. अन्न सुरक्षा खात्याची मर्यादा आहे : तळणाच्या तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे टीपीसी, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्याच्या कामाचं नाही. १ जुलै २०१८ पासून हा नियम आहे. मोजायला पट्ट्या मिळतात, मीटरही मिळतो. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना टाकाऊ तेलाची नोंद ठेवावी लागते. तुम्ही त्या मर्यादेच्या खाली असाल, तरी वही ठेवा. आणि टाकलेलं तेल वड्याच्या गाड्यावाल्याला विकू नका. बायोडिझेलसाठी ते गोळा करणारे परवानाधारक आहेत.

कोणतं तेल, हा आपल्या भागात भावनेचा प्रश्न आहे. शेंगतेलाची चव कशालाच नाही, हे मान्य. टिकाऊपणात मात्र पामतेल पुढे, शेंगतेल मध्ये, सूर्यफूल आणि करडई सगळ्यात मागे. शेव पामतेलात तळा, भडंगाची फोडणी शेंगतेलात करा; चव जिथे जिभेला लागते तिथेच पैसा घाला. तेलाच्या भावाने गेली दोन वर्षं छोट्या कारखान्यांचा जीव काढलाय हे खरं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं, मे २०२५ अखेर ते १० वर आणलं. अशा चढउतारात दोन महिन्यांचं तेल एकदम भरून ठेवणं म्हणजे सट्टा आहे. दोन आठवड्यांचं घ्या, डबे सावलीत ठेवा.

आता सादळण्याकडे. इथे दोषी चिरमुरे कमी आणि लसूण जास्त असतो. १० किलोचा घाणा असा धरू : चिरमुरे ६ किलो ४००, शेंगदाणे दीड किलो, तेल १ किलो ३००, फुटाण्याची डाळ ३०० ग्रॅम, मिरची पूड २५०, मीठ १५०, पिठीसाखर १००, सोललेला लसूण ३०० ग्रॅम, वर कढीपत्ता. कच्च्या लसणात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे ३०० ग्रॅममध्ये १८० ग्रॅम पाणी. लसूण ठेचून गरम फोडणीत टाकला आणि लगेच चिरमुऱ्यांवर ओतला, तर निम्मं पाणी वाफेने उडालं असं धरलं तरी ९० ग्रॅम उरतं. ते बंद डब्यात दोन दिवसांत चिरमुरे ओढून घेतात, त्यांचा ओलावा जवळजवळ दीड टक्क्याने वाढतो. ३ टक्क्यांना कडक वाजणारा चिरमुरा ५ च्या आसपास दाताखाली वाकायला लागतो. वरून पावसाळ्याची हवा लागली की झालंच.

म्हणून लसूण ठेचू नका, पातळ काप करा. वेगळ्या कढईत १३०-१४० अंशांवर सावकाश तळा. बुडबुडे थांबले की पाणी संपलं. रंग सोनेरीच हवा, तपकिरी झाला की कडू. कागदावर पसरून गार करा, आणि सगळ्यात शेवटी कोरडाच मिसळा. कढीपत्ता धुवायचा असेल तर आदल्या संध्याकाळी धुऊन पंख्याखाली रात्रभर वाळवा, तळताना पान चुरचुरून मोडलं पाहिजे. फोडणीला कोरं तेल या नियमाला एवढा एकच अपवाद : ज्या तेलात लसूण तळला तेच तेल त्याच दिवशी फोडणीला चालतं, वास त्यात उतरलेला असतो.

चिरमुरे पोत्यातून थेट कढईत घालायचे नाहीत. ट्रेमध्ये दोन-तीन इंचांचा थर करून ७० ते ८० अंशांवर अर्धा तास, पावसाळ्यात पाऊण तास. ट्रे-ड्रायर नसला तर भट्टीच्या उरलेल्या उष्णतेवर पत्र्याची पेटी करून घेणारे पुष्कळ आहेत, पण थर्मामीटर तिथेही पाहिजे. चाळून वाळू आणि मोडके दाणे काढा. भडंगातले शेंगदाणे तळण्याऐवजी भाजा. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे दाणे निवडून टाका, आणि मोडलेल्या पाकळ्या भडंगात नकोत. आख्खा, सालासकट दाणा टिकतो, पाकळीला सगळ्यात आधी वास येतो.

फोडणीचं तेल तापवून मोहरी-जिरं तडतडलं की खाली उतरवा. १०० अंशांच्या जवळ आलं की मिरची पूड घाला. उकळत्या तेलात पूड जळते, रंग विटकरी होतो, मग दुकानदार म्हणतो रंग नाही, आणि मग कोणी तरी रंगाची पुडी सुचवतो. त्या वाटेला जाऊ नका. कर्नाटकात २०२४ मध्ये गोबी मंचुरियन, बुढ्ढी के बाल आणि कबाबांच्या कृत्रिम रंगांवर बंदी आली, तेव्हापासून लाल रंगाकडे तपासणीवाल्यांचं लक्ष असतं. रंग ब्याडगीने आणा, तिखटपणा संकेश्वरीने. तीनास एक हे प्रमाण बहुतेकांना चालतं. दोन्ही मिरच्या आपल्याच अंगणातल्या, कोल्हापूर-सांगलीवाले त्या इथून नेतात. मीठ बारीक दळलेलं आणि कोरडं असावं. पिठीसाखर जून ते सप्टेंबर निम्मी करा, ती हवेतलं पाणी ओढते.

मिसळलेला माल खोलीच्या तपमानाला येईपर्यंत भरायचा नाही. घाई इथेच नडते. कोमट भडंग पिशवीत गेलं की आत वाफ धरते आणि सीलजवळचा थर आधी नरम पडतो. भरायची खोली लहान, खिडक्या बंद, आर्द्रता ५५ टक्क्यांच्या खाली. आर्द्रतामापक काही शे रुपयांना मिळतो. खानापूरच्या जुलैत शटर उघडं ठेवून भरलेला माल कोणत्याच पिशवीत टिकणार नाही.

पिशवी : साधी पॉलिथिन पाणी बऱ्यापैकी अडवते पण हवा अडवत नाही, आणि पारदर्शक असल्याने उजेडही आत येतो. चांदीसारख्या आतल्या थराची, मेटलाइज्ड पॉलिएस्टर आणि पॉलिथिनची जोड पिशवी घ्या. सुरुवातीला बिनछपाईची, वर स्टिकर. छापील रोल मागवला तर प्रत्येक रंगाच्या सिलिंडरचे पैसे वेगळे पडतात आणि किमान रोलही शेकडो किलोंचा घ्यावा लागतो. नंतर किंमत किंवा घटक बदलले की ती रद्दी. बंद करायला बँड सीलर पुरे. रोज सकाळी तीन पिशव्या पाण्याच्या बादलीत दाबून बघा; बुडबुडा आला तर सीलमध्ये मसाला अडकलाय किंवा तपमान कमी आहे. हेच दुखणं त्या मोठ्या मशीनमध्येही आहे, बरं का. भडंग हलकं आणि फुगीर. कपने मोजणाऱ्या मशीनमध्ये कधी २६ ग्रॅम पडतात कधी ३४, आणि मिरचीची धूळ जबड्यात बसून सील सुटतं. पुढे कधी मशीन घ्यायची वेळ आलीच, तर वजनावर भरणारं घ्या, आणि ते तुमचंच भडंग घेऊन तासभर चालवून बघा. विक्रेता डेमोला नेहमी डाळ नाहीतर फुटाणे आणतो.

किती दिवस टिकतं हे ठरवायला बारा पिशव्या बाजूला काढा. सहा सावलीत, सहा पत्र्याच्या शेडखाली. दर आठवड्याला दोन्हीकडची एकेक फोडून ताज्या मालाशेजारी ठेवा आणि घरच्यांऐवजी बाहेरच्या दोघांना वास घ्यायला सांगा. सहा आठवडे निघाले तर लेबलवर ३० दिवस लिहा. पिशवीत हवेऐवजी नायट्रोजन भरणं तूर्त नको. अर्धा किलोची पिशवी गिऱ्हाईक आठवड्यात संपवतं.

सरकारी निम्म्या पैशांबद्दल. मशीनवाला म्हणतो ती सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची पीएमएफएमई योजना असावी. केंद्राचं अनुदान ३५ टक्के, कमाल १० लाख. कर्नाटकाने भर घालून ते ५० टक्के, कमाल १५ लाख केलं. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं, तुमचा वाटा किमान १० टक्के लागतो, आणि रक्कम हातात न येता तीन वर्षं बँकेत स्वतंत्र राहून मग कर्जात वळती होते. अर्ज सध्या घेतात का, हे बेळगावच्या कृषी खात्यात विचारा. कर्नाटकात ही योजना केपेक या राज्याच्या महामंडळामार्फत चालते. विचारताना ट्रे-ड्रायर, वजनकाटे, बँड सीलर आणि खोलीची दुरुस्ती यांचा प्रस्ताव द्या. १२ लाखांच्या जागी तो कितीतरी लहान होईल.

आता कोल्हापूरचं बिल. कंपोझिशनमध्ये राहून राज्याबाहेर विक्री करताच येत नाही. निपाणी ओलांडून कागलला एक पिशवी दिली तरी ती आंतरराज्य विक्री. गोव्याचं आणि चंदगडचंही तेच. उलाढाल लहान आहे म्हणून नोंदणीच नको, ही सवलतही करपात्र माल राज्याबाहेर पाठवणाऱ्याला मिळत नाही. तेव्हा नियमित नोंदणीत या. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या फरसाणावरचा कर १२ वरून ५ टक्के झाला; सुट्या मालावर तो आधीच ५ होता. पूर्वी पिशवीत भरलं की कर वाढायचा, ती अडचण गेली. पिशवी, सीलर, मशीन यांवर भरलेल्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावटही नियमित नोंदणीत मिळते. बदल महिन्याच्या मध्ये करू नका, सीएला सांगून आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला करा, आणि त्या दिवशीच्या साठ्याची यादी ठेवा, त्यावरचं क्रेडिट मागता येतं. गाडीत ५० हजारांवर माल असेल तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचं ऑनलाइन बिल, लागतं. कोल्हापुरात स्वतःचं गोदाम टाकलं तर तिथल्या जागेला वेगळा अन्न परवाना लागेल; वितरकाच्या गोदामात गेला तर तो त्याचा.

लेबलवरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत हवा. मराठी देवनागरीत आहे म्हणून हिंदीच्या जागी चालत नाही. कर्नाटकात बनून विकल्या जाणाऱ्या मालावर २०२२ च्या कन्नड भाषा कायद्याप्रमाणे नाव कन्नडमध्येही घाला. समोर मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही लिपींत नाव, मागे इंग्रजीत तपशील; सीमाभागात हाच सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग. अन्न परवाना क्रमांक, घटक उतरत्या क्रमाने, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सूचना, पोषणतक्ता, बॅच, तारखा, निव्वळ वजन, एमआरपी, तक्रारीसाठी पत्ता-फोन, आणि प्रति ग्रॅम दर. १४० ला ५०० ग्रॅम म्हणजे ०.२८ रुपये प्रति ग्रॅम. वैधमापन, म्हणजे वजनमापांच्या खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी ९० दिवसांत करायची असते. ही मात्र बहुतेक जण विसरतात.

विक्रीत पाच रुपयांच्या पुडीशी भांडायला जाऊ नका. ती शाळेच्या दारातली वस्तू आहे. तुमचं गिऱ्हाईक किराणा भरताना अर्धा किलो उचलणारं, गणपतीला कोकणात निघालेलं, चोर्ला घाटाने गोव्याला परतणारं. तळलेला खरा लसूण कंपनीच्या पुडीत क्वचित असतो, त्यांना चार महिने टिकवायचं असतं. तुमच्या पिशवीत तो दिसला पाहिजे, म्हणून स्टिकरखाली दोन बोटांची पारदर्शक पट्टी ठेवलेली पिशवी मिळते का बघा. मिळाली तर टिकण्याचे दिवस पुन्हा तपासा, कारण तिथून उजेड जाईल. सौंदत्तीच्या यल्लम्मा जत्रेला साधे चिरमुरे सुटेच न्या. तिथे पॅकिंगला कोणी विचारत नाही.

वितरकाला पहिल्या खेपेला ४० पिशव्यांहून जास्त माल द्यायचा नाही, आणि तोही रोखीने. दुसरी खेप पहिलीतला माल दुकानांतून किती हलला ते बघून. परतीचा माल फक्त सील फुटलेला घ्यायचा, तारीख उलटलेला नाही, हे बिलावरच छापा. तो बारावर एक फुकट मागेल. त्याऐवजी पंधरा दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सूट द्या. तेही नको म्हणाला, तर आधी चंदगड आणि गडहिंग्लजच्या दुकानांना तुमच्याच गाडीतून माल घाला, वितरक नंतरही मिळतो.